खुनी साठाव्या पानावर कळला म्हणणाऱ्या वाचकाचं काय करायचं?

प्रश्न : माझी पहिली रहस्य कादंबरी चार महिन्यांपूर्वी आली. जुलै २०२१च्या चिपळूणच्या पुरात एका कापड दुकानदाराचं प्रेत सापडतं, सगळे म्हणतात बुडून गेला, आणि तो बुडालेला नसतो, अशी गोष्ट आहे. वाचकांचे चाळीसेक फोन, पत्रं, मेसेज आले. एकजण म्हणतो खुनी साठाव्या पानावरच कळला. एक बाई म्हणतात शेवटपर्यंत पत्ता लागला नाही, पण लेखकाने फसवलं. कुणाला पात्रं फार वाटतात, कुणाला शेवट उरकल्यासारखा. एक वकील, एक डॉक्टर आणि एक निवृत्त पोलीस अधिकारी यांनी चुकांच्या याद्या पाठवल्यात. प्रकाशक दुसरी आवृत्ती काढायचं म्हणताहेत. यातलं काय घेऊ आणि काय सोडू?

उत्तर : तुम्ही ही मतं वहीत ‘वेग’, ‘पात्रं’, ‘शेवट’, ‘भाषा’ असे रकाने पाडून लिहिलीत, ती वही आधी मिटून ठेवा. लेखकाला मिळालेल्या प्रतींपैकी एक प्रत घ्या आणि प्रत्येक मत त्या त्या पानाच्या समासात लिहा, म्हणजे वाचकाच्या मनात ते जिथे उमटलं असेल तिथे. पान कुठलं ते कळत नसेल तर फोन करून विचारा. मी बावीस वर्षं रहस्यकथांची हस्तलिखितं तपासतोय आणि त्याआधी सहा वर्षं ठाण्यात एका वाचनालयाच्या काउंटरवर बसलोय. वाचक काय म्हणतो यात तो पुष्कळदा चुकतो. कुठे अडखळला हे मात्र तो जवळजवळ कधीच चुकीचं सांगत नाही.

तुमची कादंबरी मी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. खुनी कोण ते इथे लिहीत नाही. दुसरी आवृत्ती खपायची आहे. (एका प्रकाशन समारंभात प्रमुख पाहुण्यांनी भाषणाच्या ओघात खुन्याचं नाव सांगून टाकलं होतं. लेखक व्यासपीठावर बसून हसत होता, आणि खाली विक्रीच्या टेबलावर मी.)

शेवटापासून सुरुवात करतो. तुम्ही पाठवलेल्या मतांपैकी नऊ मतं १८७ ते १९१ या पाच पानांवर येऊन पडतात. कुणी लिहिलंय ‘उरकलं’, कुणी ‘पटलं नाही’, कुणी ‘फिल्मी’. एका मुलीने लिहिलंय, ‘इतका हुशार माणूस इतक्या पटकन कसा बोलला?’ आणि वकिलांच्या यादीतला तिसरा मुद्दाही याच पानांचा. तुमच्याकडे फौजदार टेबलावर हात आपटतो, खुनी ढसाढसा रडतो, सगळं सांगतो, आणि पुस्तक संपतं. वकील म्हणतात त्याप्रमाणे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध न्यायालयात सिद्ध करता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम २३मध्ये आलं. म्हणजे तुमचा खुनी १९१व्या पानावर पकडला गेला खरा, पण दुसऱ्या दिवशी तो ‘मारहाण करून वदवून घेतलं’ एवढंच म्हणाला तरी तुमच्या फौजदाराच्या हातात काही उरत नाही.

त्या मुलीला कलम २५ ठाऊक असण्याचं कारण नाही. पण तिला जे खटकलं ते तेच. ज्या माणसाने दोनशे पानं सगळ्यांना झुलवलं, त्याला बोलायला काहीही भाग पाडत नाहीये. नऊ माणसांनी एकाच जागी ठेच खाल्ली आणि प्रत्येकाने ती आपापल्या भाषेत सांगितली. रकान्यांच्या वहीत हीच मतं तीन वेगवेगळ्या पानांवर विखुरली होती.

दुरुस्ती कायद्यातच आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात घेता येतो. जुनं कलम २७. वर्तमानपत्रात आपण वाचतो ना, आरोपीने ‘काढून दिलेला’ कोयता, दोन पंच, पंचनामा. तुमच्याकडे १४२व्या पानावर दुकानाच्या माळ्यावरचा लोखंडी गज आहे, जो नंतर तुम्ही साफ विसरून गेलात. खुन्याला रडवू नका, गज काढून द्यायला लावा. आणि पंचांपैकी एकजण पुढे फितूर होईल अशी धाकधूक ठेवलीत, तर ‘उरकलं’ म्हणणारे तेच वाचक रात्री दीडपर्यंत जागतील.

हे दुखणं फक्त नवशिक्यांचं किंवा आपल्याकडचं नाही. अगाथा ख्रिस्तीबाईंच्या पहिल्या कादंबरीचं हेच झालं होतं. पहिल्या महायुद्धात त्या टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं देण्याच्या विभागात काम करत होत्या, तिथे विषांची माहिती झाली आणि १९१६ साली कादंबरी लिहून झाली. अनेक प्रकाशकांनी परत पाठवली. शेवटी जॉन लेन नावाच्या प्रकाशकाने ठेवून घेतली आणि बऱ्याच काळाने बोलावून सांगितलं, शेवटचं प्रकरण बदला. मूळ लेखनात त्यांचा गुप्तहेर पायरो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून सगळा उलगडा करतो, आणि कोर्टात असं कुणी करू देत नाही. लेनने खुनी बदलायला सांगितलं नाही, विष बदलायला सांगितलं नाही. बाईंनी तो उलगडा कोर्टातून उचलून घराच्या दिवाणखान्यात आणला, सगळ्यांना एकत्र बसवलं, आणि पुढची पन्नासेक वर्षं तो दिवाणखाना जगभरच्या रहस्यकथांचा शेवट होऊन बसला. कादंबरी १९२०मध्ये अमेरिकेत आणि १९२१च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये आली. लेखिकेला मिळाले २५ पौंड, तेही नियतकालिकात क्रमशः छापण्याच्या हक्कांतून. (गंमत म्हणजे कॉनन डॉयलनेही होम्सची पहिली कादंबरी २५ पौंडांनाच, आणि तीही सगळ्या हक्कांसकट, विकली होती. मानधनाबद्दल तुम्ही प्रश्नात काही विचारलं नाहीत ते बरं झालं.) आणि बाईंना सर्वांत जास्त आनंद झाला तो औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकातल्या परीक्षणाने, कारण त्यांनी म्हटलं होतं की विषाबद्दलचा मजकूर अचूक आहे. ते वाचक बाईंना गोष्ट कशी सांगावी हे शिकवायला गेले नव्हते, त्यांनी फक्त आपल्या खात्याचं पाहिलं. तुमच्या तीन तज्ज्ञांकडे मी याच नजरेने येणार आहे.

त्याआधी साठावं पान. ‘मला आधीच कळलं होतं’ हे मत रहस्यकथेच्या प्रत्येक लेखकाला मिळतं आणि प्रत्येक नवा लेखक त्याने खचतो. हे मत पुस्तक संपल्यावर दिलेलं असतं. वाचताना प्रत्येकजण पाच-सहा जणांवर संशय घेत जातो. शेवटी त्यातला एक खरा निघाला की बाकीचे पाच विस्मरणात जातात आणि तो एक ‘मला पहिल्यापासून माहीत होता’ होऊन बसतो. वाचक खोटं बोलत नाही, त्याला खरंच तसं आठवतं. आमच्या वाचनालयात एक पेन्शनर गृहस्थ रहस्यकथा परत करताना पहिल्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचे, पुढच्याची जिरवायला. एकदा मी मुद्दाम मधेच गाठलं आणि विचारलं, काका, कोण वाटतोय? त्यांनी सांगितलं ते नाव चूक होतं. आठवड्याने पुस्तक परत आलं तेव्हा पहिल्या प्रकरणावर बरोबर नाव होतं, आणि शेजारी ‘लगेच ओळखले’.

म्हणून पुस्तक संपवलेल्याला ‘कधी कळलं’ विचारून उपयोग नाही. दुसऱ्या कादंबरीच्या वेळी हस्तलिखित एकदम देऊ नका. साठ पानं द्या, थांबवा, विचारा संशय कुणावर आणि का. मग पुढची साठ. मी पाच वाचकांवर हे करतो, त्यात एक तरी असा घेतो जो एरवी रहस्यकथा वाचत नाही. पाचांपैकी दोघांनी साठाव्या पानावर बरोबर नाव घेतलं तर काही बिघडत नाही, फक्त त्यांनी एकशेवीसाव्या पानावर दुसरं नाव घ्यायला हवं. बिघडतं ते पाचही जण एकच नाव घेतात तेव्हा.

पण तुमच्या बाबतीत त्या वाचकाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मी त्याला फोन करायला सांगितलं होतं तुम्हाला, आणि तुम्ही कळवलंत की त्याला संशय आला तो ‘आकृती’मुळे. आता त्या बाईंचं मत पुन्हा वाचा, ज्यांना फसवल्यासारखं वाटलं. त्याही ‘आकृती’बद्दलच बोलताहेत. एकाला लवकर कळलं, दुसरीला कळलंच नाही, दोन्ही तक्रारी नवव्या पानावरच्या.

तुमचं वाक्य असं आहे : ‘काळ्या रेनकोटातली आकृती जिना उतरून खाली आली. तिने कंदील विझवला.’ इंग्रजीत अशा ठिकाणी खुन्याचं लिंग लपवायला फारसे कष्ट पडत नाहीत. मराठीत क्रियापदच चुगली करतं. म्हणून आपण ‘आकृती’ किंवा ‘व्यक्ती’ घेतो आणि वाटतं सुटलो. पण ‘आकृती’ स्त्रीलिंगी. दोन वाक्यांनंतर वाचक आकृती विसरतो आणि ‘तिने’ लक्षात राहतं. साधा वाचक मनात एक बाई उभी करतो. पट्टीचा वाचक म्हणतो, हा लेखक एवढी सर्कस का करतोय, म्हणजे नक्की उलटं असणार. तुमचा खुनी बाई असो की पुरुष, नवव्या पानाने वाचकांचे दोन तट पाडले, आणि दोन्ही तट गोष्टीमुळे नाही, व्याकरणामुळे पडले.

या विषयावर मी जरा जास्त बोलतो, कारण याबद्दल लेखनाच्या शिबिरांत कुणी सांगत नाही. मागे एक हस्तलिखित आलं होतं, त्यात मधली चार प्रकरणं खुन्याच्या तोंडी, ‘मी’ करून. लेखक हुशार. ‘मी आलो’ लिहिलं की पुरुष, ‘मी आले’ लिहिलं की बाई, म्हणून त्याने फक्त सकर्मक भूतकाळ वापरला. ‘मी दार उघडलं’, ‘मी सुरी पुसली’, ‘मी दिवा घालवला’. क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, कर्ता झाकलेला राहतो. उत्तम युक्ती. पण माझ्या एका वाचक बाईंनी चाळीस पानांनंतर विचारलं, ‘हा माणूस कधी बसत नाही का हो? झोपत नाही, चालत नाही, नुसता वस्तू हाताळतो!’ मग आम्ही दोघांनी मिळून ती प्रकरणं पुन्हा बांधली. ‘मला झोप लागली नाही.’ ‘मला पुन्हा माळ्यावर जावं लागलं.’ ‘पाय स्टेशनकडे वळले.’ भविष्यकाळात तर ‘मी जाईन’ला लिंगच नाही. माणूस हलायला लागला आणि तरी झाकलेला राहिला.

तुमच्या नवव्या पानाला एवढंही करायची गरज नाही. मराठीत कर्त्याचा पत्ता न देता वाक्य पुरं होतं. कंदील विझला. तिसरी पायरी करकरली. कडी बाहेरून लागली. पुराच्या रात्री अंधारात माडीवर बसलेल्या माणसाला नाही तरी एवढंच ऐकू येणार. हे बदललंत की फसवणुकीचा आरोप जातो, कारण तुम्ही खोटं काहीच सांगितलेलं नसतं.

फसवणूक या शब्दावरून आठवलं. ख्रिस्तीबाईंच्याच १९२६च्या एका कादंबरीवर, नाव मुद्दाम घेत नाही, अजून न वाचलेली माणसं आहेत, वाचकांनी ‘हा चक्क दगा आहे’ म्हणून कल्ला केला होता. पुढे काही वर्षांत रोनाल्ड नॉक्स या पाद्री लेखकाने रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यातला एक असा की सापडलेला दुवा गुप्तहेराने वाचकापासून लपवता कामा नये. तुम्ही तो एके ठिकाणी मोडलात. ११८व्या पानावर फौजदार पावतीपुस्तक पाहतो, ‘त्याच्या डोळ्यांत चमक आली’ म्हणता, आणि पावतीवर काय होतं ते सत्तर पानं सांगत नाही. याबद्दल एकाच वाचकाने लिहिलंय. एकच असला तरी तो बरोबर आहे. पावती वाचकाला दाखवा, तिच्याआधी आणि नंतर आणखी चार कागद ठेवा म्हणजे झालं.

‘पात्रं फार झाली’ हे मत अकरा जणांचं आहे आणि ते चूक आहे. मी मोजली. पात्रं चौदा. नावं एकतीस! मेलेला माणूस दुकानात शेठ, घरी अण्णा, पंचनाम्यात सदाशिव सावंत, मेहुण्याच्या तोंडी भावजी, आणि बायको बोलताना नुसतं ‘हे’. आपल्याकडे माणसं अशीच बोलतात, तुम्ही कान देऊन ऐकलंय, ते मोडू नका. पण चौतिसाव्या पानावर पाच माणसं एकत्र बोलतात आणि निवेदकही दर परिच्छेदाला नाव बदलतो. संवादात काय हवं ते येऊ दे, निवेदनात मात्र एका माणसाला एकच नाव. आणि सुनील, सुशील, सुहास या तिघांतल्या दोघांची बारशी पुन्हा करा. पात्र एकही काढू नका.

आता याद्या. तीन तज्ज्ञांनी मिळून तुम्हाला बावीस चुका कळवल्यात, त्यातल्या सतरा मान्य करा, चर्चा नको. रत्नागिरीला पोलीस आयुक्त नसतो. जिल्ह्याला पोलीस अधीक्षक आणि तपासाला स्थानिक गुन्हे शाखा, आयुक्त शहरांत. व्हिसेरा, म्हणजे प्रेतातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवल्यावर रासायनिक विश्लेषणाचा अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी येत नाही, आणि तो येत नाही हीच लेखकाची चंगळ आहे, कारण तोवर सगळे संशयित मोकळे फिरतात. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला की माणूस तत्काळ कोसळतो हे सिनेमातलं, प्रत्यक्षात काही मिनिटं जातात आणि तोवर झटापट होते. ‘मृत्यू रात्री ११ वाजून २० मिनिटांनी’ असं कुठलाही डॉक्टर लिहून देणार नाही, त्यात प्रेत पाण्यात पडलेलं. डॉक्टरांना अंदाजाची मोठी मुभा द्या, तुमच्या वेळापत्रकाचा सगळा खेळ त्या मुभेत बसतो.

उरलेल्या पाचांत एक असा आहे जिथे तज्ज्ञ चुकलेत. वकील म्हणतात खुनाला आता कलम ३०२ नाही, भारतीय न्याय संहितेचं १०३. बरोबर, पण ती संहिता लागू झाली १ जुलै २०२४ला. तुमचा गुन्हा २०२१चा. गुन्हा घडला त्या दिवशीचा कायदा लागतो, म्हणून ३०२ राहू दे. त्यांना नम्रपणे कळवा, ते रागावणार नाहीत. बाकीच्या चार मुद्द्यांना चुका म्हणता येत नाहीत, ‘माझ्या नोकरीत असं झालं नव्हतं’ असा त्यांचा सूर आहे. ते ऐका आणि सोडा.

सगळ्या चाळिसांत मला जड वाटलं ते मात्र चिपळूणच्या त्या शिक्षिकेचं मत, जे तुम्ही ‘किरकोळ’मध्ये टाकलंत. त्या लिहितात की त्या संध्याकाळी आमच्या भागात फोन लागत नव्हते, आणि तुमचा माणूस बाजारपेठेतून मोबाइलवर दोनदा बोलतो. तुम्ही म्हणाल, तपशील आहे. पण २२ जुलैला त्या गावातली माणसं माळ्यावर, पत्र्यांवर बसून होती. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयातही पाणी शिरून पुस्तकं गेली. त्या गावच्या वाचकासाठी पूर हा देखावा नाही. आणि रहस्यकथा म्हणूनही बघा, फोन बंद पडणं ही तुमची अडचण आहे की देणगी? माणसं कुठे होती हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. दोन्ही फोन काढून टाका. त्यातला दुसरा तर गोष्टीत काही करतच नाही. पहिल्याच्या जागी काय ठेवायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही, त्या बाईंकडे असेल, कुणाचा निरोप कुणी कसा पोचवला होता हे त्यांनी पाहिलेलं आहे.

वेगाबद्दल थोडंच. वेग कमी म्हणणारे कुठल्या मुशीतले आहेत ते पाहिलंत का? आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारांवर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांवर वाढलेल्या वाचकाला कोण हा प्रश्न नसतोच, तो नायक कसा निसटतो ते पाहायला येतो. दिवाळी अंकांतल्या रहस्यकथांवर पोसलेल्याला कोडं हवं असतं. आणि पंचविशीतल्यांना दर आठ-दहा पानांनी मालिकेच्या भागासारखा झटका लागतो. तिघांना एका पुस्तकात खूश करायला जाऊ नका. तुमचं पुस्तक कोड्याचं आहे. फक्त मलपृष्ठावरचा मजकूर ‘श्वास रोखून धरायला लावणारा थरार’ असा आहे तो बदलून घ्या, पाठलाग शोधत आलेला माणूस दुकानातच दुसरं पुस्तक उचलेल आणि वेगाची निम्मी मतं येणारच नाहीत. नातेवाइकांची मतं, चांगली-वाईट दोन्ही, आणि नुसते तारे दिलेली, ही यातून आधीच वगळली आहेत.

दुसऱ्या आवृत्तीसाठी प्रकाशक कुरकुरतील, कारण पानं सरकली की सगळं पुन्हा लावावं लागतं. म्हणून नऊ, चौतीस आणि एकशेअठरा ही दुरुस्ती पानातल्या पानात बसवा, जेवढ्या ओळी काढाल तेवढ्याच घाला. शेवटची पाच पानं हवी तेवढी वाढली तरी पुढे काही नाही, फक्त तो फर्मा, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा संच, बदलेल. मोबाइलचं प्रकरण जमलं नाही तर ही आवृत्ती थोडी थांबवा असं मी म्हणेन, प्रकाशक रागावले तरी.

आणि त्या निवृत्त अधिकाऱ्यांना भेटून या. यादीत त्यांनी सातव्या क्रमांकावर एका ओळीत लिहिलंय, ‘पुरात सापडलेल्या प्रेताचा पंचनामा करताना पंच मिळणे हेच मोठे काम असते’. तुम्ही त्याच्यापुढे बरोबरची खूण करून पुढे गेलात. पंच कोण झाले, त्यांना कुठून आणलं, ते का तयार झाले, एवढं विचारा. जाताना पुस्तकाची प्रत नेऊ नका, वही न्या.